कोकणची थेट गाडी आणि मुंबईची लोकल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपती जवळ आले, दादर पॅसेंजरची बातमी छापून आली किंवा रविवारी मोठा ब्लॉक लागला, की डहाणूपासून सावंतवाडीपर्यंतची मंडळी तेच तेच प्रश्न पाठवतात. त्यांतले सतत येणारे इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, किचकट नंतर. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. गाड्यांच्या वेळा अंदाजे आहेत. निघण्याआधी चालू वेळापत्रक बघा.

१. कोकण रेल्वे नक्की सुरू कुठून होते? पनवेल, पेण त्यात येतं का?

नाही येत. कोकण रेल्वे महामंडळाचा मार्ग रोह्यानंतर सुरू होतो आणि मंगळूरजवळच्या ठोकूरला संपतो. लांबी ७४१ किलोमीटर. महामंडळ १९९० मध्ये स्थापन झालं आणि २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग खुला झाला. रोह्याच्या अलीकडचं नागोठणे, पेण, आपटा, पनवेल, तळोजा, दिवा आणि पुढे ठाणे-दादर-सीएसएमटी हे सगळं मध्य रेल्वेचं. वसई-विरारपासून डहाणूपर्यंतचं उत्तर कोकण पश्चिम रेल्वेकडे.

हे आधी सांगायचं कारण असं, की थेट गाड्यांवरून होणारी बहुतेक भांडणं कोकण रेल्वेच्या रुळांवरची नसतातच. ती दिवा ते दादर या पस्तीसेक किलोमीटरांतली असतात, आणि तिथे कोकण रेल्वेचा शब्द चालत नाही.

२. दादर–रत्नागिरी पॅसेंजर दिव्यालाच का संपवली?

करोनाच्या काळात सगळ्या पॅसेंजर बंद झाल्या. परत सुरू झाल्या तेव्हा ही गाडी दादरऐवजी दिव्याहून सुटू लागली आणि तशीच राहिली. रेल्वेचं उत्तर दोन गोष्टींचं: दादरला फलाट मोकळा नाही, आणि दिव्याहून सोडल्यामुळे गाड्यांचा वक्तशीरपणा सुधारतो.

दोन्हीत तथ्य आहे. दादरला मध्य रेल्वेच्या सगळ्या जलद आणि धीम्या लोकल थांबतात, वर बाहेरगावच्या गाड्या. तिथे एखादी गाडी संपवायची म्हणजे प्रवासी उतरवणं, इंजिन एका टोकाचं दुसऱ्या टोकाला नेणं, पाणी भरणं, पुन्हा प्रवासी चढवणं. तेवढा वेळ फलाट अडतो. पण ही गाडी दादरला दुपारी यायची आणि दुपारीच सुटायची, सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत तिचा पाय नव्हता. म्हणून ‘गर्दीच्या वेळेतल्या लोकलसाठी जागा केली’ हे कारण या गाडीला नीट लागू पडत नाही. फलाटाचं कारण पडतं.

३. पाचवी-सहावी मार्गिका झाली ना? मग आता कसली अडचण?

अर्धीच झाली आहे, आणि अडचण उरलेल्या अर्ध्यात आहे.

ठाणे ते दिवा या टप्प्यातली पाचवी-सहावी मार्गिका १८ फेब्रुवारी २०२२ ला सुरू झाली. खर्च ६२० कोटींच्या घरात. कुर्ला–ठाणे आणि दिवा–कल्याण हे तुकडे आधीच झाले होते. त्यामुळे आता कुर्ल्यापासून कल्याणपर्यंत बाहेरगावच्या गाड्यांना स्वतःचे दोन रूळ आहेत. हे काम झाल्यावर ३६ नव्या लोकल फेऱ्या देण्यात आल्या. दिव्याहून कुर्ल्यापर्यंत कोकणची गाडी आता लोकलच्या वाटेत फारशी येत नाही.

कुर्ल्याच्या पुढे मात्र परळमार्गे सीएसएमटीपर्यंतचा टप्पा रखडलेला आहे. तो एमयूटीपी-२ (मुंबईच्या उपनगरी रेल्वे प्रकल्पांचा दुसरा टप्पा) मधला, म्हणजे जुना मंजूर प्रकल्प. जागा नाही, रुळांलगत वस्ती आहे, जुने पूल आडवे येतात. सायनचा उड्डाणपूल १ ऑगस्ट २०२४ पासून पाडकामासाठी बंद केला, तो याच मार्गिकांना वाट करून देण्यासाठी. हा टप्पा होईपर्यंत कुर्ला ते दादर प्रत्येक कोकण गाडी जलद लोकलच्या रुळांवरूनच जाणार.

तेव्हा कुणी म्हणालं की दिव्यापासून पुढे रूळच नाहीत, तर ते २०२२ आधीचं उत्तर आहे. आता खरा चिंचोळा भाग कुर्ला–दादर एवढाच आहे.

४. एका पॅसेंजरने लोकलचं एवढं काय बिघडतं?

गर्दीच्या वेळी बरंच बिघडतं. जलद मार्गावर लोकल तीन-चार मिनिटांच्या अंतराने धावतात. लोकलच्या अनेक डब्यांना मोटर असते, त्यामुळे ती फलाटावरून चटकन वेग घेते आणि चटकन थांबते. इंजिनाने ओढलेली लांब गाडी हळू उठते आणि थांबायलाही आधीपासून तयारी करते. शिवाय ती एका रुळावरून दुसऱ्यावर जाताना मधले रूळ ओलांडते, आणि तेवढ्या वेळात त्या रुळांवरचे सिग्नल लाल राहतात. सकाळी नऊ वाजता अशी एक गाडी मध्ये घातली तर तिच्या एकीपायी दोन लोकलची जागा जाते. बारा डब्यांच्या भरलेल्या लोकलमध्ये चार हजारांच्या वर माणसं असतात, म्हणजे हिशेब कुणाच्या बाजूने आहे ते उघड आहे.

आणि हा हिशेब नुसत्या उशिराचा नाही. ९ जून २०२५ ला मुंब्रा आणि दिव्याच्या मध्ये वळणावर दोन लोकल एकमेकींजवळून जाताना दारात लटकलेली माणसं खाली पडून मेली. त्या मार्गावरची एक फेरी कमी करा असं कोकणचा कुणी शहाणा माणूस म्हणणार नाही.

मात्र हे सगळं गर्दीच्या वेळेचं झालं. कोकणच्या गाड्यांचं वेळापत्रक पाहिलंत तर जनशताब्दी, वंदे भारत आणि तेजस पहाटे पाच-सहाच्या दरम्यान सुटतात, मांडवी सातच्या सुमारास, कोकणकन्या रात्री अकरानंतर, तुतारी बाराच्या आसपास. सकाळी मुंबईबाहेर जाणारी गाडी गर्दीच्या उलट दिशेने जाते हाही फरक आहे. कोकणवाल्यांना लोकलच्या उरावर बसवलंय असं चित्र रंगवलं जातं, ते या वेळांत कुठे बसत नाही.

५. पण दिव्यापर्यंतच ठेवली तर तेवढा भार कमी होतोच ना?

रुळांवरचा होतो. माणसांचा होत नाही.

परतीच्या पॅसेंजरने दिव्याला उतरलेले प्रवासी काही दिव्यात राहत नाहीत. त्यांना भांडुप, घाटकोपर, परळ, लालबाग, वडाळ्याला जायचं असतं. तांदळाचं पोतं, आंब्याची पेटी, म्हातारी आई आणि दोन पोरं घेऊन ते पूल चढतात आणि कल्याण-डोंबिवलीहून आधीच भरून आलेल्या लोकलमध्ये घुसायला बघतात. सगळ्या लोकल मार्गावर चढायला सर्वांत अवघड म्हणावीत अशा स्थानकांपैकी हे एक. ज्या लोकलला मोकळं करायचं म्हणून गाडी मागे घेतली, तिच्याच दारात हे लोक उभे राहतात, आणि सामानामुळे एकेका माणसाला दोन-दोन माणसांची जागा लागते.

सावंतवाडीला जाणाऱ्या दिवा गाडीचं उलट आहे. ती सकाळी लवकर सुटते. दादर-परळचा माणूस ती पकडायला पहाटेची लोकल धरतो, नाहीतर आदल्या रात्रीच दिव्यात येऊन फलाटावर पथारी टाकतो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. गाडी गर्दीच्या वेळेत दादरला आणू नये, पण दुपारच्या मोकळ्या वेळेत ती दिव्याला अडवून लोकलचा काही फायदा होत नाही. तोटाच होतो, फक्त तो मध्य रेल्वेच्या वक्तशीरपणाच्या तक्त्यात दिसत नाही.

६. गोरखपूर, बलियाच्या गाड्यांना दादर मिळतं, मग आम्हाला का नाही?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि बहुतेक वेळा रागाने येतो. दादर–गोरखपूर आणि दादर–बलिया या विशेष गाड्या दादरहून सुटू लागल्या हे खरं आहे. तेव्हा ‘दादरला फलाटच नाही’ हे उत्तर लंगडं पडतं, इतपत राग रास्त आहे.

पुढची पायरी मात्र चुकते. उत्तरेच्या गाडीत बसणारा माणूसही याच मुंबईत हमाली-सुतारकी करतो आणि जनरल डब्यात पाय ठेवायला जागा नसताना दोन रात्री काढतो. त्याची गाडी काढून आपली लावा ही मागणी रेल्वे बोर्डात टिकणार नाही आणि टिकू नये. विचारायचं असेल तर असं विचारा: दादरच्या फलाटावर कोणत्या वेळी कोणती गाडी किती मिनिटं उभी असते, आणि दुपारी एक ते चारमध्ये किती वेळ फलाट रिकामा असतो? हे आकडे रेल्वेकडे असतात, माहितीच्या अधिकारात मागता येतात. नुसती निवेदनं देऊन फोटो काढण्यापेक्षा हे जास्त उपयोगी पडेल.

७. मांडवी आहे, तुतारी आहे, वंदे भारत आली. पॅसेंजरच कशाला हवी?

कारण त्या गाड्या तुमच्या गावाला थांबत नाहीत. मुंबई–मडगाव वंदे भारत २७ जून २०२३ ला सुरू झाली. रत्नागिरी जिल्ह्यात ती खेड आणि रत्नागिरीला थांबते, सिंधुदुर्गात फक्त कणकवलीला. चिपळूणकरांनी यावर काय काय ऐकवलं ते इथे छापण्यासारखं नाही. विन्हेरे, दिवाणखवटी, कामथे, आरवली, उक्षी या नावांची स्थानकं आहेत हे मुंबईच्या बऱ्याच जणांना ठाऊक पॅसेंजरमुळेच.

दुसरं कारण आरक्षण. गावी कुणी वारलं, कुणाची कोर्टात तारीख निघाली, भातलावणीला माणूस कमी पडला, तर साठ दिवस आधी तिकीट काढून ठेवता येत नाही. पॅसेंजरला खिडकीवर तिकीट काढलं की झालं. करोनानंतर साध्या गाड्यांचं किमान भाडं ३० रुपये झालं होतं, ते फेब्रुवारी २०२४ मध्ये परत १० रुपयांवर आलं. माणगावहून वीरला जाणाऱ्या बाईला हा फरक कळतो.

८. मग चिपळूणपर्यंत लोकलच का नाही नेत?

लोकलमध्ये शौचालय नसतं. दिव्याहून चिपळूण पाचेक तासांचा रस्ता आहे. बाकी तांत्रिक कारणं यापुढे गौण आहेत, तरी सांगतो: लोकलची बाकं आणि रुंद दारं उभ्याने तासभर जाणाऱ्यांसाठी बनवलेली असतात, आणि लोकलचा ताफा वाढवायचा तर कारशेडही वाढवावी लागते. वीज ही अडचण नाही. कोकण रेल्वेचं पूर्ण विद्युतीकरण जून २०२२ मध्ये राष्ट्रार्पण झालं. इतक्या अंतराला योग्य गाडी मेमू आहे.

९. मेमू म्हणजे काय? ती आली तर प्रश्न सुटेल का?

मेमू लोकलसारखीच विजेवर स्वतः धावते, वेगळं इंजिन लागत नाही, पण तिच्यात शौचालय असतं आणि बसण्याची सोय लांब प्रवासाला धरून असते. तिचे दोन गुण या वादात महत्त्वाचे आहेत. एक, ती लोकलच्या जवळपास वेगाने उठते, म्हणून कुर्ला–दादर टप्प्यात दोन लोकलच्या मध्ये बसवणं सोपं. दोन, दोन्ही टोकांना चालकाची केबिन असल्यामुळे दादरला इंजिन फिरवायचं नाही. चालक आणि गार्ड आपापली टोकं बदलतात आणि गाडी परत निघते. प्रश्न २ मधली फलाट अडण्याची तक्रार त्यामुळे निम्म्याहून हलकी होते.

गणपतीत दिवा–चिपळूण मेमू चालवून झाली आहे, म्हणजे हे कागदावरचं स्वप्न नाही. ती कायम करा ही मागणी आहे. मला विचाराल तर तीच गाडी दादरपर्यंत दुपारच्या वेळेत आणणं हा आजच्या रुळांवर जमणारा सगळ्यात स्वस्त तोडगा आहे. तोटा इतकाच, की रत्नागिरीच्या पुढे दिवसभराच्या प्रवासाला मेमूची बाकं कंटाळा आणतील. सावंतवाडीची गाडी इंजिनाचीच असलेली बरी.

१०. पेण-रोह्याहून रोज मुंबईला नोकरीला जाणाऱ्यांचं काय?

यांची गोष्ट वेगळी आहे, आणि बातम्यांत येतच नाही. पेणचा माणूस खऱ्या अर्थाने रोजचा प्रवासी आहे, पण त्याला लोकल नाही. दिवा–रोहा मेमूच्या मोजक्या फेऱ्या, त्या चुकल्या की एसटी किंवा टमटम करून पनवेल, तिथून हार्बर लोकल. पनवेल–सीएसएमटीला एक तास वीस मिनिटं धरा.

नवल म्हणजे लोकलशी भांडण न करता जादा गाड्या देता येतील अशी जागा हीच आहे. पनवेल–रोहा दुहेरी आणि विद्युतीकरण झालेला मार्ग आहे, आणि हार्बरचे रूळ पनवेलला मेन लाइनपासून अलग आहेत. पेण–पनवेल मेमूची दर तासाला एक फेरी केली तरी ठाण्या-दादरची एकही लोकल हलत नाही. तिथली स्पर्धा मालगाड्यांशी आहे. उरणला १२ जानेवारी २०२४ ला लोकल पोचली. पेणकर अजून वाट बघतायत.

पासाबद्दल: मासिक पासाला साधारण १५० किलोमीटरची मर्यादा असते, त्यामुळे रोह्याच्या फार पलीकडून मुंबईचा पास निघत नाही. पास असला तरी एक्स्प्रेसच्या आरक्षित डब्यात चढता येत नाही.

११. डहाणूला लोकल दिली तशी इकडेही द्या ना?

डहाणूची गोष्ट नीट ऐका, मग मागा. १६ एप्रिल २०१३ ला लोकल विरारच्या पुढे डहाणू रोडपर्यंत गेली. पालघर, बोईसरची वस्ती झपाट्याने वाढली. पण विरार–डहाणू टप्प्यात रूळ दोनच, आणि त्यांवरून गुजरात-राजस्थान-दिल्लीच्या सगळ्या गाड्या धावतात. राजधानी यायची असली की लोकल वाणगाव, उमरोळीला बाजूला उभी. ऑफिसला उशीर झाल्याचं कारण तिकडे कुणी विचारत नाही.

वर, जे जुने पासधारक फ्लाइंग राणीसारख्या गाड्यांतून थेट मुंबई सेंट्रल गाठायचे, त्यांना ‘तुम्हाला आता लोकल आहे’ हे ऐकावं लागतं. पालघरहून लोकलने चर्चगेट आणि थेट गाडीने मुंबई सेंट्रल यांत वेळेचा फरक मोठा आहे. लोकल आली की थेट गाडीचा थांबा जातो ही भीती तिथे उगाच नाही.

चौपदरीकरणाचं ६४ किलोमीटरचं काम एमयूटीपी-३ मध्ये आहे. तिथून घेण्यासारखा धडा एवढाच, की रूळ वाढवण्याआधी लोकल वाढवली तर लोकलवाला आणि लांबचा प्रवासी दोघंही बाजूच्या रुळावर उभे राहतात.

१२. आम्ही बोरिवली-वसईला राहतो. कोकणात जायला दादरलाच यावं लागतं का?

पूर्वी जवळजवळ तसंच होतं. २९ ऑगस्ट २०२४ ला वांद्रे टर्मिनस–मडगाव गाडी सुरू झाली. ती बोरिवली, वसई, भिवंडी, पनवेलमार्गे जाते, आठवड्यातून दोन दिवस. ती दादर आणि ठाण्याला शिवतच नाही, म्हणून प्रश्न ३ मधला चिंचोळा भाग तिच्या वाटेत येत नाही. वसई–दिवा–पनवेल मार्गावरून अशा गाड्या आणखी सोडता येतील. वसईला इंजिनाची दिशा बदलावी लागते आणि त्यात वेळ जातो, ही त्यातली गोम. दोन दिवसांऐवजी रोज करा ही मागणी मला दादर पॅसेंजरइतकीच महत्त्वाची वाटते, पण तिच्यासाठी मोर्चा निघत नाही.

१३. दुपदरीकरण झालं की सगळं सुटेल ना?

कोकणातलं सुटेल, मुंबईतलं नाही.

कोकण रेल्वे बहुतांश एकेरी आहे. रोहा–वीर हा सुमारे ४७ किलोमीटरचा तुकडा २०२१ मध्ये दुहेरी झाला. पुढे एकाच रुळावरून दोन्हीकडच्या गाड्या जातात, म्हणून एकीने स्थानकाच्या लूपमध्ये, म्हणजे बाजूच्या जादा रुळावर, थांबायचं आणि दुसरीने निघून जायचं. थांबणारी बहुधा पॅसेंजर असते. तुमची गाडी करंजाडीला अर्धा तास का उभी होती याचं उत्तर हेच.

सगळा मार्ग दुहेरी करणं सोपं नाही. नव्वदहून अधिक बोगदे आहेत, करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा, आणि पानवल नदीवरचा पूल ६४ मीटर उंच. प्रत्येकाच्या शेजारी दुसरा उभारायचा म्हणजे पुन्हा तोच डोंगर फोडायचा, आणि तोही शेजारून गाड्या चालू असताना. म्हणून मधला उपाय केला: सापे वामणे, कळंबणी, कडवई, वेरवली, खारेपाटण रोड, अचिर्णे अशी नवी क्रॉसिंग स्थानकं. दोन स्थानकांमधलं अंतर कमी झालं की थांबणं कमी होतं. टप्प्याटप्प्याने सोप्या जागी दुहेरीकरण आणि घाटात क्रॉसिंग, हेच शहाणपणाचं.

१४. पावसाळ्यात गाड्या कमी का होतात?

पावसाळी वेळापत्रक लागतं. दरडी आणि धुक्यामुळे वेग उतरवतात. जोराच्या पावसात समोरचं दिसत नसेल तर ताशी ४० किलोमीटरची सूचना असते. एकेरी मार्गावर प्रत्येक गाडी हळू झाली की कमीच गाड्या बसतात. वंदे भारत एरवी आठवड्यातून सहा दिवस, पावसाळ्यात तीन.

१५. गणपतीत शेकड्याने जादा गाड्या सुटतात. मग वर्षभर एक पॅसेंजर दादरला आणता येत नाही?

गणपती विशेषच्या फेऱ्या २०२३ मध्ये ३०५ होत्या, २०२४ मध्ये ३५८ आणि २०२५ मध्ये ३८०. या फेऱ्या आहेत, गाड्या नव्हेत, आणि सगळ्या विभागांच्या मिळून.

पंधरा-वीस दिवसांसाठी बरंच काही जमवता येतं. इकडून-तिकडून डबे गोळा करायचे, मालगाड्या आणि ट्रक वाहून नेणाऱ्या रो-रो गाड्या मागे ठेवायच्या, कर्मचाऱ्यांना जादा पाळ्या द्यायच्या. गाड्या चार-चार तास उशिरा धावल्या तरी चाकरमानी कुरकुर करून गप्प बसतो, कारण गणपती घरी पोचलेला असतो. वर्षभर असं चालत नाही. आणि या विशेष गाड्यांतल्या बऱ्याच दिवा, पनवेल किंवा एलटीटीहून (कुर्ल्याचं लोकमान्य टिळक टर्मिनस) सुटतात, दादरचा फलाट त्यांनाही सहज मिळत नाही.

म्हणजे गणपतीच्या आकड्यांवरून दादर पॅसेंजर सिद्ध होत नाही. प्रश्न ५ आणि ९ मधले मुद्दे जास्त भक्कम आहेत, ते वापरा.

१६. गाड्या मुंबईत आणायच्याच कशाला? पनवेलला संपवा.

मुंबईबाहेर संपवायचीच असेल तर दिव्यापेक्षा पनवेल बरं, हे मी मान्य करतो. पनवेलहून हार्बर लोकल सुटते, म्हणून सामानासकट बसायला जागा मिळते. ठाण्याकडे जाणाऱ्याला ट्रान्स-हार्बर आहे. दिव्याला लोकल भरून येते, पनवेलला रिकामी लागते. सगळा फरक इथे आहे. पण कल्याण-डोंबिवलीच्या कोकणी माणसाला पनवेल आडवळणाचं होतं, त्याला दिवा सोयीचं. दोघांना एकच टर्मिनस पुरणार नाही.

दुसऱ्या टोकाला सावंतवाडी टर्मिनस आहे, म्हणजे असायला हवं होतं. भूमिपूजन २०१५ चं. गाड्या उभ्या करायला, धुवायला आणि पाणी भरायला तिथे पुरेशी सोय झाली तर सिंधुदुर्गातून सुटणाऱ्या गाड्या वाढवता येतील. आज बहुतेक गाड्या गोव्यातून नाहीतर केरळातून भरून येतात आणि कुडाळचा माणूस दारात उभा राहतो.

१७. माझी गाडी सीएसएमटीऐवजी ठाण्याला किंवा दादरलाच संपवली. पैसे परत मिळतात का?

न केलेल्या प्रवासाच्या भाड्यासाठी दावा करता येतो. ऑनलाइन तिकिटाला टीडीआर, म्हणजे परताव्याचा अर्ज, भरा. रक्कम किरकोळ निघते. सीएसएमटीच्या फलाटांच्या लांबीवाढीच्या कामात मंगळूर एक्स्प्रेस बरेच महिने ठाण्याला आणि तेजस, जनशताब्दी दादरला संपत होत्या. घरच्यांना स्टेशनवर बोलावण्याआधी गाडी कुठवर येणार ते बघून घ्या.

१८. निवेदन कुणाला द्यायचं? सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात.

थांबा रोह्याच्या पुढचा असेल तर कोकण रेल्वे, मुख्यालय बेलापूरला. गाडी दादरला आणायची असेल तर मध्य रेल्वेचा मुंबई विभाग. वांद्र्याची गाडी रोज करायची तर पश्चिम रेल्वे. नव्या गाडीची मंजुरी शेवटी रेल्वे बोर्डाची. मुंबई रेल्वे विकास महामंडळ उपनगरी मार्गांचे प्रकल्प बांधतं, गाड्यांच्या वेळा ठरवत नाही. तिकडे पॅसेंजरचं पत्र पाठवून उपयोग नाही. एकच पत्र तिन्हीकडे पाठवलंत तर तिन्हीकडून ‘हे आमच्या अखत्यारीत नाही’ असं उत्तर येईल. मागणीचे तुकडे करा.

१९. कोकण रेल्वे भारतीय रेल्वेत विलीन झाली तर थेट गाड्या वाढतील?

आपोआप नाही. मे २०२५ मध्ये महाराष्ट्राने विलीनीकरणाला संमती दिली, इतर तीन राज्यांनंतर. फायदा पैशाचा आहे: कर्जाच्या ओझ्याखालचं महामंडळ स्वबळावर दुपदरीकरण करू शकत नाही. या मार्गावर भाडं मोजताना अंतर वाढवून धरतात, तेही बदलू शकेल. पण कुर्ला–दादरमध्ये विलीनीकरणाने एक इंचही रूळ वाढत नाही.

२०. मी दिव्यातच राहतो. तुमच्या कोकण गाड्यांनी आमच्या लोकल रखडतात, त्याबद्दल तुम्ही काही बोलत नाही.

बोलायला हवं. दिव्याला जलद लोकल थांबायला लागून काही वर्षं झाली, तरी सकाळी दिव्याच्या माणसाला चढायला मिळत नाही. दिव्याहून सुटणारी लोकल द्या ही त्याची मागणी जुनी आहे. दिव्याचं रेल्वे फाटक रस्त्यासाठी उघडं राहिलं की सगळ्याच गाड्या थांबतात. त्यात दिव्याला संपणारी पॅसेंजर म्हणजे उतरलेली सगळी गर्दी याच्याच फलाटावर.

म्हणजे गाडी दिव्याला संपवण्याचा त्रास सर्वांत जास्त दिवेकरांनाच होतो. ती दुपारी दादरला गेली तर दिव्याच्या फलाटावरची सामानाची रेटारेटी कमी होईल, आणि दिव्यातल्या कोकणी माणसालाही तिथेच चढता येईल, कारण गाडी दिव्याला थांबेलच. प्रवासी संघटनांनी दिवा लोकल आणि दादर मेमू या दोन मागण्या एकाच निवेदनात, एकाच विभागीय व्यवस्थापकाकडे नेल्या पाहिजेत. आजवर त्या वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळे झेंडे घेऊन गेल्या आहेत.